ऊब धरणारे, हादरा सोसणारे घर : काश्मीरच्या लाकडी चौकटीचे शहाणपण

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलां’ लागते. ही ४० दिवसांची सर्वांत कडक थंडी. तिच्यामागून २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. म्हणजे वर्षातले ७० दिवस घरातल्या प्रत्येक माणसाचा एकच विचार असतो : ऊब टिकवायची कशी? रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो, नळ गोठतात, आणि फजरच्या वजूसाठी गरम पाणी मिळणे ही मोठी नेमत वाटते. या दिवसांत पुरुष निदान कामासाठी बाहेर पडतात. बायका, लहान मुले आणि घरातले वयस्कर यांचा मात्र जवळजवळ सगळा दिवस भिंतींच्या आत जातो. घर कसे बांधले आहे, याची खरी किंमत तेच मोजतात.

याच खोऱ्याला दुसरीही एक भीती आहे. भूकंपाच्या नकाशात श्रीनगर सर्वाधिक धोक्याच्या क्षेत्रात येते. तेव्हा इथल्या घराने दोन कामे केली पाहिजेत. थंडीत ऊब धरायची आणि जमीन हलली तर माणसांच्या अंगावर पडायचे नाही. जुन्या काश्मिरी सुतार-गवंड्यांनी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर लाकडाच्या चौकटीत शोधले. त्यांना कुठे यश आले, कुठे उणीव राहिली आणि आजच्या ज्ञानाने ती कशी भरून काढता येते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण आज तिथली अनेक कुटुंबे आजोबांचे लाकडी घर पाडून सिमेंटचे बांधावे का, या निर्णयाशी येऊन थांबली आहेत.

गोधडीसारखी भिंत

काश्मिरी घरांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक ‘ताक’ आणि दुसरा ‘धज्जी दीवारी’.

ताक पद्धतीत विटांचे जाड चौकोनी खांब ठराविक अंतरावर उभे करतात. दोन खांबांमधल्या जागेत खिडकी किंवा पातळ भिंत येते. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर भिंतीच्या आत शिडीसारखी लाकडी पट्टी सगळ्या घराभोवती फिरवलेली असते, आणि जमिनीच्या तुळया याच पट्टीत अडकवलेल्या असतात. कमरेला पट्टा बांधावा तसे हे काम. घर केवढे आहे हे तिथे ताकांवरून सांगतात. आपल्याकडे ‘पाच खणांचे घर’ म्हणतात, तसे तिथे ‘सात ताकांचे घर’ म्हणतात.

धज्जी दीवारीची गोष्ट वेगळी. ‘धज्जी’ म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी. ठिगळे जोडून गोधडी शिवावी तशी दिसणारी भिंत, म्हणून हे नाव. आधी लाकडाची पूर्ण चौकट उभी राहते. खाली जोत्यावर आडवी तुळई, तिच्यावर उभे खांब, वर पुन्हा आडवी तुळई, मध्ये आडव्या पट्ट्या आणि त्यांना छेदणाऱ्या तिरप्या पट्ट्या. यातून जे लहान लहान चौकोन आणि त्रिकोण तयार होतात, ते एकेरी विटेने किंवा दगडाच्या तुकड्यांनी मातीच्या गाऱ्यात भरतात. भिंतीची जाडी जेमतेम चार इंच.

तिरप्या पट्टीचे महत्त्व समजायला घरातली जुनी खाट आठवा. चारही सांधे ढिले झाले की ती एका बाजूला कलते, चौकोनाचा तिरका चौकोन होतो. पण कोपऱ्यात एक तिरकी पट्टी ठोकली की त्रिकोण बनतो आणि खाट पुन्हा ताठ उभी राहते. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. भूकंपाचा धक्का घराला आडवा ढकलतो. त्याला तोंड देण्याचे पहिले काम ही तिरपी पट्टी करते.

दुसरे काम मातीचा गारा करतो. धक्का बसला की लाकूड, वीट आणि माती एकमेकांवर घासतात. धक्क्याची शक्ती या घर्षणात खर्च होते. भिंतीला शेकडो बारीक भेगा पडतात, पण एक मोठी भेग आरपार जात नाही, कारण ती प्रत्येक चौकोनाच्या कडेला लाकडाला येऊन थांबते. घर करकरते, डोलते, गिलावा गळतो, तरी माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. गिलावा पुन्हा लावता येतो.

दोन भूकंपांची साक्ष

मे १८८५ मध्ये बारामुल्ला परिसरात मोठा भूकंप झाला. त्या वेळी श्रीनगरमध्ये असलेले डॉक्टर आर्थर नीव्ह यांनी पुढे लिहून ठेवले, की राजवाड्याचा भाग आणि काही भक्कम जुन्या इमारती पडल्या, पण मोडकळीला आल्यासारखी दिसणारी शहरातली घरे पडण्याचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके कमी होते. लाकूड आणि विटांचे नीट बांधलेले घर तीन-चार मजली असले तरी एकसंध डोलते, हे त्यांनी नोंदवले.

८ ऑक्टोबर २००५ रोजी, रमजानच्या पहिल्याच आठवड्यात, मुझफ्फराबादजवळ केंद्र असलेला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळची वेळ होती. मुले शाळेत गेली होती. नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून सत्तर हजारांहून अधिक माणसे दगावली. आपल्या बाजूला उरी आणि तंगधार भागात मोठी हानी झाली. नीट न बांधलेल्या काँक्रीटच्या इमारती आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती यांखाली सर्वाधिक बळी गेले. शाळांच्या छपरांखाली हजारो मुले गाडली गेली. त्याच भागात धज्जीची बरीच घरे तडे जाऊनही उभी राहिली.

लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले. डोंगराळ गावांत सिमेंट आणि सळई पोहोचवणे कठीण होते. तिथल्या लोकांनी ढिगाऱ्यातलेच लाकूड आणि दगड वेचून पुन्हा धज्जीची घरे बांधायला सुरुवात केली. पलीकडच्या सरकारी पुनर्बांधणी यंत्रणेने सुरुवातीला या पद्धतीला मदतीसाठी मान्यता दिली नव्हती. अभियंत्यांनी पाहणी करून बाजू मांडल्यावर २००६ मध्ये ती मिळाली, आणि मग हजारो घरे या पद्धतीने उभी राहिली. पुढे पेशावरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात पूर्ण आकाराच्या धज्जी भिंती बांधून त्या यंत्राने आडव्या ढकलून तपासल्या गेल्या. बऱ्याच वाकल्यानंतरही त्यांची ताकद टिकून राहिली.

यात वजनाचाही मोठा वाटा आहे. घर जितके जड, तितका भूकंपाचा धक्का मोठा. नऊ इंची विटेच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सव्वाचारशे किलोच्या पुढे जाते. चार इंची धज्जी भिंत गिलाव्यासह दोनशे किलोच्या आसपास बसते. लाकडी चौकटीत हलका उष्णतारोधक थर भरून दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या, तर वजन पन्नास किलोच्या आसपास येते. बाहेरच्या भिंती एकूण १०० चौरस मीटर धरल्या, तर हा फरक त्रेचाळीस टन, वीस टन आणि पाच टन असा होतो.

धज्जी उबदार असते का?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने ते सगळे उबदार, असे आपण सहज म्हणतो. चार इंची धज्जी भिंत उबदार नसते.

हिशोब सोपा आहे. आत १८ अंश आणि बाहेर उणे २ अंश, म्हणजे २० अंशांचा फरक धरू. १०० चौरस मीटर नऊ इंची विटेच्या भिंतीतून सतत जवळपास ४,००० वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे एक किलोवॅटचे चार हीटर केवळ भिंतींसाठी जळत राहतात. पातळ धज्जी भिंतीतून हा आकडा ५,००० पर्यंत जातो. शिवाय लाकूड सुकून आकसते, मातीला चिरा पडतात आणि फटींतून वारा येतो तो वेगळाच.

मग जुन्या घरांत लोक राहिले कसे? त्यांनी भिंतीवर विसंबून न राहता सगळ्या घराची रचना थंडीसाठी केली. हिवाळ्यात कुटुंब खालच्या मजल्यावरच्या एक-दोन खोल्यांत गोळा व्हायचे आणि वरचे मजले उन्हाळ्यासाठी ठेवायचे. रिकामा वरचा मजला पांघरुणाचे काम करायचा. खेड्यांत तळमजल्यावर जनावरे असत, त्यांचीही ऊब मिळे. खतमबंद छत, म्हणजे लाकडाचे लहान भौमितिक तुकडे खिळा न मारता एकमेकांत बसवून केलेले छत, शोभेबरोबर छताखाली हवेचा थर अडवून ठेवी. ‘पिंजरा’ म्हणजे लाकडी जाळीची खिडकी. ती उन्हाळ्यात वारा आणि पडदा दोन्ही देई, हिवाळ्यात तिच्यावर कागद चिकटवत. जुन्या छपरांवर भोजपत्राचे थर आणि त्यावर माती असे. त्या मातीत वसंतात फुले उगवत.

या सगळ्यांत हमाम खास. खोलीच्या जमिनीखाली पोकळी ठेवून तिच्यात लाकूड जाळतात, धूर दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर जातो आणि वरच्या दगडी लाद्या तासन्‌तास गरम राहतात. त्याच आगीवर तांब्याच्या भांड्यात पाणी तापते. काश्मीरच्या अनेक मशिदींत हिवाळ्यात नमाजी याच पाण्याने वजू करतात.

ही व्यवस्था शहाणपणाची होती, पण तिला भरपूर लाकूड लागे. ते कमी पडले की कांगडी. फेरनच्या आत धरलेल्या निखाऱ्यांनी पोटावर आणि मांड्यांवर भाजते, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तिथल्या त्वचेला कर्करोग होऊ शकतो हे डॉक्टरांनी फार पूर्वीच नोंदवले आहे. घर ऊब धरत नसेल, तर तिची भरपाई अशी शरीराला करावी लागते.

एकाच चौकटीची दोन कामे

आजच्या ज्ञानाने हे चित्र बदलता येते. लाकूड स्वतः उष्णता फार कमी वाहते. विटेच्या तुलनेत सुमारे पाचपट कमी, काँक्रीटच्या तुलनेत दहापट कमी. खनिज लोकर, मेंढीची लोकर किंवा दाबलेला पेंढा यांतून तर लाकडाच्याही एक तृतीयांशच उष्णता जाते. लाकडी चौकटीत मुळातच पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत असा थर भरणे, हीच कमी इंधनात उबदार राहणाऱ्या लाकडी घराची मुख्य युक्ती.

यासाठी दोन मार्ग आहेत. नवे घर असेल तर सहा इंची उभे दांडे दीड-दोन फुटांवर उभे करून मधली जागा पूर्ण भरतात. अशा भिंतींतून वरच्याच हिशोबाने सुमारे ६०० वॅट उष्णता जाते. चार हीटरच्या जागी एकही पुरा लागत नाही, आणि भिंत नऊ इंची विटेपेक्षा पातळच राहते. मात्र इथे एक अट आहे. धज्जीत भरलेल्या विटा धक्का जिरवायला मदत करतात. त्या काढून हलकी लोकर भरली की ती मदत संपते. म्हणून चौकटीवर संरचनेसाठी योग्य जाड प्लायवुड जवळ जवळ खिळे मारून बसवावे लागते आणि तिरप्या पट्ट्यांचे सांधे मजबूत ठेवावे लागतात. केवळ लोकर भरून वरून शोभेच्या फळ्या लावल्या, तर घर उबदार होईल पण सुरक्षित राहणार नाही.

जुने धज्जी घर असेल तर ते पाडायची गरज नसते. भिंत तशीच ठेवून आतल्या बाजूने चार इंचांची दुसरी हलकी चौकट उभी करायची आणि तिच्यात लोकर भरायची. खोली थोडी लहान होते, पण ५,००० वॅटचा आकडा ८०० च्या आसपास येतो. बाहेरची भिंत भूकंपाला तोंड देते, आतली ऊब धरते.

भिंतींआधी छताकडे पाहावे. गरम हवा वर जाते. माळ्याच्या जमिनीवर, खतमबंदच्या वर, लोकरीचा जाड थर अंथरणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचे काम. छपराचा विचार बर्फासाठीही करावा लागतो. बसलेल्या दोन फूट बर्फाचे वजन दर चौरस मीटरला १८० किलो भरू शकते. १०० चौरस मीटर छपरावर ते १८ टन होते. कैच्या, वासे आणि खालचे खांब एका रेषेत असले की हा भार सरळ पायापर्यंत उतरतो. खांबावर खांब न येता तुळईच्या मध्यावर आला, तर ती तुळई वाकणारच.

खिडक्यांचे गणित सूर्य सोडवतो. श्रीनगरला डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेबत्तीस अंश वर असतो, जूनमध्ये तो जवळपास डोक्यावर, साडेएकोणऐंशी अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर एक फुटाची पुढे आलेली झड ठेवली, तर उन्हाळ्याच्या दुपारी ती पाच फुटांपर्यंत सावली देते आणि हिवाळ्यात ऊन आत सोडते. यासाठी वीज लागत नाही की यंत्र. काच दुहेरी असली की एकेरीच्या निम्मीच उष्णता जाते.

श्वास घेणारे घर

घर घट्ट झाले की एक नवा धोका येतो, आणि तो जीवघेणा आहे. काश्मीरमध्ये दर हिवाळ्यात बंद खोलीत गुदमरून कुटुंबेच्या कुटुंबे गेल्याच्या बातम्या येतात. कोळसा किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

म्हणून घट्ट घरात उघडी आग नको. बुखारीला बाहेर जाणारा धुराचा नळ हवा, तिला हवा बाहेरून मिळावी, आणि धुराड्याशिवायचा गॅस हीटर किंवा कांगडी झोपायच्या खोलीत रात्रभर ठेवू नये. ताज्या हवेसाठी ठराविक जागी झरोका ठेवावा. फटींतून येणारा वारा आणि आपण ठरवून आत घेतलेली हवा यांत फरक आहे.

ओलीकडेही लक्ष हवे. स्वयंपाक, आंघोळ आणि श्वास यांतून घरात वाफ तयार होते. ती भिंतीत शिरून थंड भागाला पोहोचली की पाणी होते आणि लाकूड कुजवते. थंड प्रदेशात वाफ अडवणारा पडदा भिंतीच्या गरम, म्हणजे आतल्या बाजूला लावतात. बाहेरच्या फळ्यांमागे हवा खेळेल एवढी जागा ठेवतात. लाकूड जमिनीला टेकू देत नाहीत. दीड-दोन फूट उंच दगडी जोते, त्यावर ओल अडवणारा थर, त्यावर पायाशी बोल्टने बांधलेली तुळई आणि भिंतीपासून लांब येणारी वळचण. लाकूड वाळवून वापरले आणि कोरडे ठेवले तर ते शतके टिकते. श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदाराचे ३७० हून अधिक खांब आहेत. मूळ मशीद १४०२ मध्ये पूर्ण झाली. आगींनी तिचे नुकसान केले, तरी प्रत्येक वेळी ती पुन्हा उभी राहिली.

आगीची भीती खोटी नाही. श्रीनगरच्या जुन्या दाट मोहल्ल्यांनी मोठ्या आगी पाहिल्या आहेत. जाड तुळई मात्र बाहेरून हळूहळू, मिनिटाला सुमारे पाऊण मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जाते, आणि आतला भाग बराच वेळ भार पेलतो. पेट घेतात त्या पातळ फळ्या आणि उघड्या वायरी. वीज नळीतून न्यावी, धुराड्याभोवती लाकूड दूर ठेवावे, मातीचा किंवा जिप्समचा थर द्यावा. लागून घरे असतील तर मधली भिंत विटेची ठेवावी. इथे प्रश्न आपल्या घरापुरता राहत नाही. तो शेजाऱ्याच्या हक्काचा असतो.

लाकूड कुठून आणायचे?

वाढते झाड हवेतला कार्बन लाकडात साठवते. एक घनमीटर देवदारात सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन असतो, आणि घर टिकेपर्यंत तो तिथेच राहतो. सिमेंटच्या भट्टीत याच्या उलट घडते. पण हे सगळे खरे ठरते ते तोडलेल्या झाडाच्या जागी नवे वाढले तरच. चोरट्या तोडीचे लाकूड आणून बांधलेल्या घराला पर्यावरणाचे घर म्हणता येत नाही. काश्मीरमध्ये शेतांच्या बांधांवर सफेदा भरपूर लावतात. हलक्या, कोरड्या जागच्या कामाला तो चालतो. देवदार आणि कैल जिथे ओल किंवा भार जास्त तिथेच वापरले, तर जंगलावरचा ताण कमी होतो. पाडलेल्या घराचे जुने लाकूड तर सोन्यासारखे. ते जळणात घालणे हा उघड इस्राफ आहे.

आपल्यासाठी

महाराष्ट्रात चिल्लई कलां नाही, पण घराचे धडे तेच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे गेली. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खणांच्या चौकटीवर होता, त्यांतल्या काहींत भिंती ढासळल्या तरी छप्पर उभे राहिले. आपल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो, उष्णता आत येऊ द्यायची नसते. पण छतावर उष्णतारोधक थर, खिडकीवर झड आणि मोकळा झरोका हे उपाय तिथेही तेच राहतात.

घर बांधणाऱ्याने किंवा जुने दुरुस्त करणाऱ्याने नकाशा हातात घेऊन हे प्रश्न विचारावेत :

• छपराचा भार कोणत्या खांबांवरून पायापर्यंत जातो, ते बोटाने दाखवता येते का?
• प्रत्येक दिशेच्या भिंतीत तिरप्या पट्ट्या किंवा खिळ्यांनी घट्ट बसवलेले प्लायवुड आहे का?
• चौकट जोत्याला आणि छप्पर चौकटीला बांधले आहे का?
• छत आणि भिंतींत उष्णता अडवणारा थर किती जाडीचा आहे?
• ताजी हवा कुठून येते आणि धूर कुठून जातो?
• लाकूड वाळलेले आहे का, आणि ते पाण्यापासून किती दूर आहे?

याची उत्तरे अभियंत्याकडून घ्यावीत आणि घरातल्या बायकांसमोर घ्यावीत, कारण दिवसाचे सर्वाधिक तास त्या घरात घालवतात. दर्शनी भागाच्या संगमरवरावर खर्च करायचा की छतावरच्या लोकरीवर, हा निर्णय मग आपोआप सोपा होतो. आपल्या छपराखाली झोपणारी माणसे आपल्याकडे अमानत आहेत. घराचा खर्च आधी त्यांच्या सुरक्षेवर आणि उबेवर व्हावा, उरला तर शोभेवर.